पंचवीस किलो हिरवळ

मी आयुष्यात एकदाच पेरणी केली आणि ती एक्केचाळीस घरांत उगवली.

याला कर्तबगारी म्हणायचं की गुन्हा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. म्हणजे झालं आहे, फक्त त्यात माझं मत धरलेलं नाही. म्हणून माझी बाजू इथे मांडतो. (कुंदा, माझी बायको, आत्ताच मागून डोकावून "खरं खरं लिहा" असं बजावून गेली आहे.)

मी धोटे. विसाव्या वर्षी यवतमाळकडून रायपूरला आलो, रेल्वेतल्या मामाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपलो आणि सायकलवर नळाच्या तोट्या विकत विकत दुकान उभं केलं. पुढे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, जिकडेतिकडे बंगले उठले. आणि बंगला साहेबाचा असो की बाबूचा, नळ सगळ्यांनाच लागतो. हे सगळं मी एका गुणावर कमावलं. सांगितलेल्या भावाला मी आजवर काहीही घेतलेलं नाही. दुसरा गुण रागाचा. तो घरचे लोक गुणांत धरत नाहीत.

पहिल्या गुणापायी चौदा वर्षांपूर्वी एक प्रकार घडला, तो आधी सांगायला हवा. त्या संक्रांतीला कुंदानं पहिल्यांदाच मोठं हळदीकुंकू केलं होतं. रायपुरातल्या झाडून साऱ्या मराठी बायका बोलावल्या होत्या. वाण म्हणून मी चहाच्या गाळण्या आणल्या. चार डझन! असा भाव पाडला की दुकानदारानं पुडकं बांधताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळा थाट झाला, बायका गाळण्या घेऊन घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्याच चहाला, अठ्ठेचाळीस घरांत जाळी कपात आणि कडं हातात!

पुरानी बस्तीतल्या बक्षीकाकू तेव्हाही महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. (अजूनही आहेत. निवडणूक घ्यायची कोणाची छाती नाही.) त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इथे आले, त्यामुळे त्यांच्या हिशेबी आम्ही सगळे परवा आलेले. त्या भर बैठकीत म्हणाल्या, "धोट्यांचं वाण चहाबरोबरच गाळलं गेलं हो!"

बायका हसल्या. कुंदाही हसली. घरी येऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला बोलली असती तर मी भांडलो तरी असतो! त्यानंतर बारा वर्षं आमच्याकडे हळदीकुंकू झालं ते शेजारच्या पाच बायकांचं. आणि मी बक्षीकाकूंचं ते वाक्य दाढेखाली सुपारी ठेवावी तसं बारा वर्षं ठेवून होतो.

मग तेलीबांध्याला आमचं नवं घर झालं. गृहप्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी कुंदा म्हणाली, "यंदा हळदीकुंकू मोठं करीन. सगळ्यायले बोलावीन. बक्षीकाकूले बी."

"कर ना," मी म्हणालो. "कोण नाही म्हणून राहिलं?"

"तुमी फक्त मधात पडू नका."

इतकी साधी मागणी होती बिचारीची.

आता घर झकास झालं होतं, पण मागचं परसू म्हणजे नुसता मुरूम. त्यात ठेकेदारानं उरलेल्या विटा, फुटक्या फरशा, सिमेंटचे गोळे सगळं आतच दाबून वर पाणी मारलं होतं. कुंदाला तिथे वांगी लावायची होती. मी कुदळ मारली तर कुदळ उलटी येऊन मलाच विचारायला लागली, काय काम आहे म्हणून! माती टाकून घ्यायची तर ट्रकवाल्याशी माझं पहिल्याच वाक्याला वाजलं.

आमची मुलगी मीनल कृषी महाविद्यालयात शिकत होती. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती म्हणाली, "पापा, राई घास बो दो. दिवाली के बाद. उसकी जड़ें बहुत घनी होती हैं, ज़मीन खोल देंगी. फिर फूल आने से पहले काटो और मिट्टी में दबा दो. मम्मी के बैंगन देखना फिर." (राई म्हणजे मोहरी नव्हे, रायग्रास नावाचं विलायती गवत.)

"गवत? पेरायचं? लोक गवत उपटायले मजूर लावतात, अन् मी विकत आणून पेरू?"

"वो वाली घास नहीं है. ज़मीन की दवा है. बस एक किलो लाना. एक किलो भी ज़्यादा है."

एक किलो. हे शब्द मी ऐकले होते. आजही नाकारत नाही.

बियाणांच्या दुकानात गेलो. दुकानदार जाडा, शांत, कानात अत्तराचा बोळा. त्यानं किलोचा भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. तो हसला.

"एक किलो में क्या मोल-भाव भैया? बोरी उठाओ तो बात करें."

"बोरी कितने की?"

त्यानं पंचवीस किलोच्या पोत्याचा भाव सांगितला. किलोला निम्म्याहूनही कमी पडत होता! माझ्या अंगात वीज शिरली. मी तोही पाडला. तो हळहळला. मी आणखी पाडला. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आप जैसा गिराहिक नहीं देखा." मी पोतं रिक्षात टाकलं आणि विजयी मुद्रेनं घरी आलो. (रायपुरात ते गवत कोणीच घेत नाही, कुठल्याशा हॉटेलच्या लॉनसाठी मागवलेलं ते पोतं दोन महिने त्याच्या दारात पडून होतं आणि त्यात उंदीर शिरणारच होते, हे मला फार पुढे कळलं.)

कुंदानं पोत्याकडे पाहिलं. "गाय घेऊन राहिले का?"

मीनलनं पोत्याकडे पाहिलं. "पापा! एक किलो बोला था! एक!"

"पुडीचा भाव गिऱ्हाइकाचा, पोत्याचा भाव व्यापाऱ्याचा," मी म्हणालो. "तुमाले धंद्यातलं नाही समजत."

दिवाळी झाल्यावर पेरलं. किलोच्या जागी पाच किलो पेरलं, कारण पोतं डोळ्यांसमोर होतं आणि हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही. रोज पाणी मारलं. सातव्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. मुरमावर हिरवी लव आली होती! पंधरा दिवसांत परसू झाकलं. डिसेंबरात तर असं झालं की विटा, फरशा, ठेकेदाराची सगळी पापं त्या हिरव्याखाली गडप. बारीक, चमकदार, दंवानं भिजलेलं पातं न् पातं. मी बनियनवर चहाचा कप घेऊन तिथे खुर्ची टाकून बसू लागलो. दुकानात जायला उशीर होऊ लागला. तोटी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही मी घरी नेऊन गवत दाखवू लागलो.

"पापा, ये लॉन नहीं है," मीनल म्हणायची. "दवा है. दवा को सजाके नहीं रखते."

"हव, हव."

संक्रांत आली. कुंदानं स्टीलच्या वाट्या ठरवल्या होत्या. जाड, झाकणाच्या. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी ती गोलबाजारात निघाली आणि मी, तिनं नको नको म्हणताना, सोबत गेलो. दुकानदारानं भाव सांगितला. कुंदा पर्स उघडतच होती.

"थांब," मी म्हणालो.

मी भाव पाडला. तो हलेना. मी आवाज चढवला. तोही चढला. तेव्हा मी माझा हुकमी डाव टाकला: "चल कुंदा, नाही घ्यायच्या!" म्हणून तडक निघालो. त्या दुकानाला पाच पायऱ्या आहेत. माझा तीस वर्षांचा अनुभव असा की दुकानदार दुसऱ्या पायरीला खाकरतो आणि तिसऱ्या पायरीला हाक मारतो. मी दोन पायऱ्या उतरलो. तिसरी उतरलो. चौथीवर जरा रेंगाळलो, चपलेचा अंगठा नीट केला. पाचवी उतरलो. रस्ता आला!

मागे वळून पाहिलं तर दुकानदार शटर ओढत होता. जेवायची वेळ झाली होती त्याची. आणि कुंदा वरच्या पायरीवर उभी होती, रिकाम्या पिशवीसकट.

"परत जाऊन माफी मागा," ती म्हणाली.

"मी? त्याले?"

दुपारी मी दुसरीकडे पाहतो म्हणालो. चार दुकानं फिरलो. दोन ठिकाणी जाड वाट्या नव्हत्या, एका ठिकाणी सातच होत्या आणि एका ठिकाणी (लपवत नाही) पुन्हा भांडण झालं. संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आलो. कुंदा तिळगूळ वळत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या बायाइच्या हातावर काय ठेवू? तुमचं डोस्कं?"

बारा वर्षांनी तीच वेळ आली होती आणि आणणारा मीच होतो. तेवढ्यात माझी नजर जिन्याखाली गेली. तिथे पोतं होतं. वीस किलो शिल्लक!

"कुंदा," मी म्हणालो, "बी दे!"

"काय?"

"गवताचं बी. पोटल्या बांधू. परसू पाहून बाया वेड्या होतील, अन् जाताना तेच हातात! नव्या घराची हिरवळ तुमच्या दारी. असं वाण रायपुरात कोणी दिलं नाही."

"देणारही नाही कोणी," कुंदा म्हणाली. पण दुसरा इलाज नव्हता. आता पोटल्यांना कापड कुठलं? तर प्रत्येक मराठी घरात असते तशी तिच्याही ट्रंकेत ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत होती. या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात फिरत राहिलेली, कधीही न शिवलेली. ती कापली. आम्ही तिघांनी बसून एक्केचाळीस पोटल्या बांधल्या, जवळजवळ अर्ध्या अर्ध्या किलोच्या. शेवटची जरा हलकी झाली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मला आतच राहायची ताकीद होती. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभा. हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ झालं. मग कुंदानं मागचं दार उघडलं.

बक्षीकाकूंचा आवाज आला, "अगं बाई!"

त्या पायरी उतरल्या, चपला काढल्या आणि अनवाणी त्या गवतात शिरल्या. त्यांच्यामागे चाळीस बायका. पैठण्यांचे काठ ओल्या गवतात भिजले, पण कोणी हूं की चूं केलं नाही. "इतका मऊ तर आमच्या वाड्यातला गालिचाही नव्हता," बक्षीकाकू म्हणाल्या. आणि हातात पोटली आली तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावली. (त्यांच्या पोटलीचं कापड त्यांनीच चार वर्षांपूर्वी कुंदाच्या ओटीत घातलेलं होतं. त्यांनी ते ओळखलं की नाही, देव जाणे.) "धोटेवहिनी, जिवंत वाण दिलंत हो तुम्ही!"

पडद्याआडून मला कुंदाचा चेहरा दिसला. लग्नात होता तसा. माझे डोळे भरून आले आणि तिथेच माझा तोल गेला. मीनल कानाशी कुजबुजत होती, "पापा, मम्मी को बोलो काटने वाला भी बता दे. फूल से पहले." आणि नेमकं त्याच वेळी एक बाई विचारत होत्या, "याला कापायचं कधी?"

मी पडदा सारून बाहेर आलो!

"कापायचं कायले, ताई?" मी म्हणालो. "सोन्यासारखी वस्तू. वाढू द्या!"

माल देताना त्यातली खोट आपण होऊन सांगायची नाही, ही माझी तीस वर्षांची सवय. जीभ सवयीनं चालली.

फेब्रुवारी संपत आला तशी मीनल विळा घेऊन मागे लागली. "अब काटना पड़ेगा. बीज गिर गया ना, तो ये घास आपको छोड़ेगी नहीं."

"बक्षीकाकू पाहुण्यांना घेऊन पाहायले येणार आहेत," मी म्हणालो. "अन् मी बोडकं परसू दाखवू?"

कुंदाच्या वांग्यांची रोपं गच्चीवर डब्यांत वाट पाहत होती. ती पिवळी पडायला लागली. गवत माझ्या कमरेला आलं.

मग फोन सुरू झाले. पहिला एका ताईंचा, "भाऊ, ते वाण तुळशीत टाकलं होतं. तुळस दिसून नाही राहिली." अर्धा किलो! तुळशीच्या कुंडीत! दुसऱ्यांचा माहेराहून आणलेला मोगरा गवतानं गिळला होता. तिसऱ्यांच्या यजमानांना नव्या रायपुरात सरकारी बंगला होता. त्यांनी फाटकापासून पोर्चपर्यंत पेरलं होतं आणि आता साहेबांना स्वतःच्या घराचं दार सापडत नव्हतं. एकींनी देवळाच्या बागेत पुण्य म्हणून उधळलं होतं. पुजारी मला शोधत होते! मी सगळ्यांना "पाणी कमी द्या" सांगत सुटलो.

आणि एका सकाळी फोन आला बक्षीकाकूंचा. आवाज एकदम थंड.

"धोटे, तुमचं वाण माझ्या दारात उभं आहे."

"वा! वाढलं का छान?"

"शिंगं आहेत त्याला."

पुरानी बस्तीच्या गल्ल्यांत गाई मोकळ्या फिरतात. बक्षीकाकूंनी अंगणभर पेरलेल्या गवताचा वास साऱ्या मोहल्ल्याला लागला होता. चौदा गाई आणि एक सांड अंगणात, सांड फाटकात आडवा, काकू घरात कोंडलेल्या आणि सासऱ्यांच्या हातचे गुलाब तुडवून सपाट झालेले!

कुंदा माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "काकू, हे येऊन राहिले. आत्ता." मग माझ्या हातात विळा ठेवला.

"एकेका घरी जा अन् कापून द्या."

"एक्केचाळीस घरं?"

"बारा वर्षांपूर्वी मले हसले. मी सहन केलं. या वेळी नाही करणार. वाण मी दिलं नाही, तुमी दिलं. तुमीच परत आणा."

तिच्यापुढे मी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दिलेलं वाण दारोदार जाऊन परत घेणारा मराठी मुलखातला मी पहिलाच पुरुष असेन. पंधरा दिवस दुकान नोकरावर टाकलं आणि उकिडवा बसून गवत कापलं. मीनल सोबत असायची; कापलेलं तिथेच मातीत मिसळायला शिकवायची. देवळात पुजाऱ्यांनी माझ्यासमोर उभं राहून कापवून घेतलं. साहेबांच्या बंगल्यावर वॉचमननं मला मागच्या फाटकातून आत घेतलं, मजूर समजून. त्या बंगल्यातले सगळे नळ माझ्या दुकानातले होते!

बक्षीकाकूंकडे मात्र पहिल्याच दिवशी गेलो. सांडाला हुसकताना माझा सदरा फाटला. अंगण साफ होईस्तोवर दुपार झाली. काकूंनी चहा आणला. माझ्यासमोरच गाळत होत्या आणि मी त्यांच्या हाताकडे पाहतच राहिलो. निळं प्लास्टिकचं कडं. आमचंच! जाळीच्या जागी मलमलचा तुकडा, बारीक टाक्यांनी शिवलेला.

"काकू, ही गाळणी..."

"बारा वर्षं झाली. जाळी निघाली होती, कापड लावलं. सवाष्णीनं हातात दिलेलं वाण टाकतात का?"

"पण तुम्हीच तर म्हणाला होता..." मी ते वाक्य म्हणून दाखवलं. बारा वर्षं दाढेखाली ठेवलेलं, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

काकूंनी विचार केला. "मी म्हणाले असं?" आणि मग खुदकन हसल्या. "बरं म्हणाले की!"

माझी बारा वर्षांची सुपारी, आणि त्यांना ती टाकल्याचंही आठवत नव्हतं! मी चहा प्यायलो. चांगला गाळला होता.

पावसाळ्यात गंमत झाली. जिथे जिथे मी गवत कापून मातीत घातलं होतं, तिथली जमीन लोण्यासारखी झाली. मीनलचं पुस्तक खरं निघालं. बायकांनी वांगी, मिरच्या, वाल लावले आणि दिवाळीपर्यंत आमच्याकडे टोपल्या येऊ लागल्या. "धोटेवहिनींच्या वाणाची वांगी!" कुंदा भरल्या वांग्यांची भाजी करून थकली. मंडळात आता नवीन सुनांना सांगतात, वाण द्यावं तर धोटेवहिनींनी.

राहता राहिलं एक परसू. चाळीस घरं, एक देऊळ, सगळीकडे वेळेवर विळा फिरला. एक घर मात्र राहून गेलं. आमचं. मी बाहेर कापत होतो आणि इकडे कणसं वाळून बी पडत होतं. उन्हाळ्यात सगळं करपून गेलं, पावसाळ्यात रान माजलं, मी विसरलो. नोव्हेंबरात दार उघडलं तर परसू हिरवंगार! न पेरता. आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

यंदाच्या संक्रांतीला कुंदा बक्षीकाकूंकडून आली. सगळ्यांना डबे मिळाले होते. तिला वेगळं वाण होतं, कागदात गुंडाळलेलं. उघडलं तर नवा कोरा विळा.

"काकू म्हणाल्या, हे धोट्यांसाठी," कुंदा म्हणाली. ओठ दाबून हसत होती.

मी विळा उलटसुलट करून पाहिला. मूठ घट्ट, धार अस्सल. तोंड आवरत नाही माणसाचं. "कितीले घेतला म्हणे?"

तिनं सांगितलं.

"महाग पडला," मी म्हणालो, आणि धोतर खोचून गवत कापायला बसलो.